पाक बिघडतो तो नेमका कुठे?

विरारपुढची लोकल एप्रिल २०१३ मध्ये डहाणूपर्यंत धावू लागली आणि पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावरचं केळवे मुंबईकरांच्या आणखी जवळ आलं. सुरूच्या बनालगत आता घरगुती निवास आणि खानावळी आहेत. पाहुण्यांच्या ताटात मासळी, भाकरी, भात सगळं घरचं असतं; पाकातलं गोड मात्र विकत आणण्याकडे अनेक घरांचा कल असतो. कारण विचारलं की किनारपट्टीवर हमखास मिळणारं उत्तर म्हणजे समुद्राच्या दमट हवेत पाक नीट येत नाही.

हे खरं नाही. साखर आणि पाणी उकळत असताना हवेतल्या ओलाव्याचा पाकाच्या तारेशी फारसा संबंध नसतो. तार ठरते ती पाकात पाणी किती उरलं यावर, आणि ते कळतं पाकाच्या तापमानावरून. एकतारी पाक साधारण १०४ ते १०५ अंश सेल्सिअसला येतो, कारण त्या वेळी त्यात दोन तृतीयांशांहून थोडी जास्त साखर असते. हे आकडे समुद्रसपाटीचे आहेत, त्यामुळे केळव्यात ते जसेच्या तसे लागू पडतात. उलट त्याच पालघर जिल्ह्यातल्या जव्हारला, साडेचारशे मीटर उंचीवर, पाणी दीडेक अंश आधीच उकळतं, म्हणून तिथे पाकही तेवढ्या कमी तापमानाला उतरवावा लागतो. महाबळेश्वरला हा फरक चार अंशांहून जास्त होतो.

दमटपणा त्रास देतो तो नंतर. साखर हवेतलं पाणी ओढून घेते, म्हणून पाकातले चिरोटे उघड्या ताटात राहिले की चिकट होतात. पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरले, तर हा प्रश्न बराचसा सुटतो.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा समज वेगळाच आहे: पाक जितका घट्ट, तितका पदार्थ रसरशीत. गुलाबजामच्या बाबतीत हे अगदी उलटं आहे. एकतारी पाकात गुलाबजाम टाकला, तर साखर आत शिरण्याआधी आतलं पाणीच बाहेर ओढलं जातं आणि गुलाबजाम सुरकुततो. त्याला पातळ पाक लागतो. एक वाटी साखरेला एक वाटी पाणी, साखर विरघळल्यावर जेमतेम काही मिनिटं उकळी. बोटांना चिकट लागला, पण तार धरली नाही, की गॅस बंद. गुलाबजाम टाकताना पाक गरम हवा, उकळता नको. पुढे तासदोन तास हात लावायचा नाही. चिरोटे, बालुशाही, पाकातल्या पुऱ्या यांचं गणित निराळं; तिथे साखर थरांवर बसायला हवी, म्हणून एकतारी किंवा त्याहून थोडा पुढचा पाक. सगळ्या पदार्थांना एकच पाक चालतो असं मानलं, की निम्मे पदार्थ फसणारच.

गुलाबजामच्या आत गुठळी राहिली की दोष खव्याला किंवा सोड्याला जातो. खव्याचा वाटा थोडाफार असतोही: पेढ्यांचा कोरडा खवा इथे चालत नाही, सुमारे चाळीस टक्के ओलाव्याचा मऊ खवाच लागतो. पण बहुतेक वेळा खरं कारण कढईत असतं. तूप कडक तापलेलं असेल, तर बाहेरचा थर मिनिटभरात काळपट होऊन आवळतो. आत कच्चं राहतं आणि पाकाची वाटही बंद होते. पिठाची बारीक गोळी टाकून पाहावी. ती क्षणभर तळाशी थांबून सावकाश वर आली, तर तूप बरोबर आहे. लगेच उसळून वर आली, तर आच कमी करून थांबावं. तो सुंदर तपकिरी रंग दुधातली साखर आणि प्रथिनं तापून एकमेकांशी जुळल्याने येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय माय्यार यांनी ही क्रिया १९१२ मध्ये मांडली. तिला वेळ द्यावा लागतो, म्हणूनच मंद आच. सोडा वाढवून हे काम होत नाही. जास्त सोड्याने गुलाबजाम तुपातच फुटतात.

पाकात लिंबू पिळतात ते आंबटपणासाठी, असंही अनेकांना वाटतं. खरं कारण निराळं आहे. आम्लामुळे साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये तुटतो, आणि हे मिश्रण सहजासहजी खडे धरत नाही. काही थेंब पुरतात. मळी काढायचं काम दुधाचं: उकळत्या पाकात चमचाभर दूध घातलं की ते फाटतं, कचरा धरून वर येतं आणि झाऱ्याने अलगद काढता येतं.

जिलेबीचा पिवळाधमक रंगही गरजेचा नाही. परवानगी असलेल्या कृत्रिम रंगांनाही मिठाईत किलोला शंभर मिलिग्रॅमची मर्यादा आहे. घरी चिमटीने टाकणाऱ्याला ती कशी कळणार? केशर पुरे. आणि जिलेबी हा हलवायांचाच प्रांत असंही कुणी समजू नये. भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी जिलेबीचा इतिहास धुंडाळला, त्यात सतराव्या शतकातल्या रघुनाथाच्या ‘भोजनकुतूहल’ या संस्कृत ग्रंथातली जिलेबीची कृतीही आहे.

गुळाचा पाक केला की मधुमेहींना चालतो, हा समज तर धोक्याचा आहे. गुळात थोडं लोह आणि इतर खनिजं असतात, पण त्याचा मोठा भाग साखरच असते, आणि रक्तातली साखर त्यानेही वाढते.

तळणीचं तेलही कितीही वेळा चालत नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून वारंवार तापवलेल्या तेलात साचणाऱ्या ‘पोलर’ संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. घरी ती मोजता येत नाही; तेल काळं पडलं, फेसाळलं किंवा लवकर धुरावू लागलं की टाकून द्यावं. गुलाबजामचा उरलेला पाक मात्र टाकायचं कारण नाही. तो पातळ असल्याने बाहेर ठेवला तर आंबतो. गाळून, उकळून फ्रिजमध्ये ठेवावा आणि चारदोन दिवसांत शंकरपाळ्यांच्या पिठात वापरावा.