दहा दिवस मौन: इगतपुरी ते शेलबर्न



इगतपुरी म्हटलं की कसारा घाट, स्टेशनवरचा गरम वडा आणि गाडीच्या खिडकीतून आत येणारं धुकं आठवतं. त्याच इगतपुरीच्या डोंगराखाली १९७६ साली 'धम्मगिरी' हे विपश्यनेचं केंद्र सुरू झालं. पुढे सहा वर्षांनी, १९८२ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या शेलबर्न गावात 'धम्मधरा' उभं राहिलं. उत्तर अमेरिकेतलं हे या परंपरेचं पहिलं केंद्र. बॉस्टनहून गाडीने साधारण दोन-अडीच तासांवर. आज कॅलिफोर्निया, टेक्सास, इलिनॉय, वॉशिंग्टन अशा अनेक राज्यांत केंद्रं आहेत. मंडळाच्या कार्यक्रमांत 'ते दहा दिवस गप्प बसायचं काय असतं हो?' असं नेहमी विचारलं जातं, म्हणून हा लेख.

आधी आपल्या विश्रांतीबद्दल थोडंसं. आपली सुट्टी म्हणजे पाच दिवसांत तीन नॅशनल पार्क, नाहीतर तीन आठवड्यांच्या भारतवारीत तीस घरी चहा. शरीर कामावरून उठतं, पण डोकं उठत नाही. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर स्क्रीन बंद आहे, पण मागे पन्नास प्रोसेस चालूच आहेत: ग्रीन कार्डची फाइल, मुलांची शाळा, ऑन-कॉलचा फोन आणि भारतात एकटे राहणारे आई-वडील. झोप काढली की थोडं बरं वाटतं, पण या प्रोसेस काही थांबत नाहीत.

हा मार्ग शिकवणारी माणसं आपल्यासारखीच कामाच्या रगाड्यातली होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सयाजी ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले अकाउंटंट जनरल. ऑफिस सांभाळत त्यांनी १९५२ मध्ये रंगूनला ध्यानकेंद्र काढलं. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका हे १९२४ साली मंडालेत जन्मलेले मारवाडी व्यापारी. घर सोडून परदेशी राहणाऱ्या कुटुंबातलेच म्हणायचे! अर्धशिशीने ते इतके हैराण होते की मॉर्फिन घ्यावं लागे. १९५५ मध्ये ते ऊ बा खिन यांच्याकडे आले, चौदा वर्षं शिकले, आणि १९६९ मध्ये भारतात येऊन शिबिरं घेऊ लागले. २०१३ मध्ये ते गेले. आजही शिबिरातली रोजची प्रवचनं त्यांच्या रेकॉर्डिंगवरूनच ऐकवतात.

आता पद्धत. पहाटे चारला घंटा, साडेचारला ध्यान, रात्री साडेनऊला दिवे बंद. दिवसभरात दहा तासांहून जास्त बैठक. बोलणं, खाणाखुणा, फोन, पुस्तक, वही-पेन सगळं बंद. अकराला जेवण, संध्याकाळी पाचला नवीन साधकांना फळं आणि चहा. पहिले तीन दिवस फक्त आनापान, म्हणजे नाकाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष. मंत्र नाही, मूर्ती नाही, श्वास लांबवायचा नाही. प्राणायाम करणाऱ्यांना हेच सगळ्यात जड जातं, कारण हात लावायचा नाही, नुसतं बघायचं.

चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते. डोक्यापासून पायांपर्यंत प्रत्येक भागातली संवेदना क्रमाने पाहायची. इथे आपल्या मराठीचा फायदाही होतो आणि घोटाळाही. पालीतलं 'अनिच्च' म्हणजे अनित्य, हे आपल्याला लगेच कळतं. पण 'वेदना' म्हणजे फक्त दुखणं नव्हे. खाज, ऊब, मुंग्या, सुखद लहर, सगळ्याच वेदना. आणि 'उपेक्खा' म्हणजे आपली 'उपेक्षा' मुळीच नाही. आपल्याकडे उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष. तिथे मात्र पूर्ण लक्ष देऊन, तरीही न ओढलं जाता, न चिडता पाहणं. सगळी मेख या एका शब्दात आहे.

तर्क साधा आहे. बॉसचा ईमेल वाचून आपण चिडतो असं आपल्याला वाटतं. या शिकवणीनुसार मधे एक पायरी असते: ईमेल वाचला, छातीत काहीतरी आवळलं, आणि त्या आवळण्यावर मन उसळलं. ईमेल आपल्या हातात नाही, पण ती मधली पायरी दिसू लागली तर उसळणं कमी होतं. हीच ती सवय बदलण्यासाठी तासभर न हलता बसायचं. गुडघा ठणकतो, वाटतं आता तुटणार. मग तो ठणका वाढताना, हलताना, कधी विरताना दिसतो. माझ्या डोक्यात पाचव्या दिवसापर्यंत एका अडकलेल्या रिलीजची चर्चा चालू होती. सहाव्या दिवशी ती थांबल्याचं मला दुपारी चहाच्या वेळी लक्षात आलं. प्रकाश वगैरे काही दिसला नाही, हेही सांगतो.

तेव्हा याला आराम समजून कोणी जाऊ नये. ताकद मिळते ती या कष्टातूनच. १९९४ मध्ये तिहार जेलमध्ये हजाराहून अधिक कैद्यांचं शिबिर झालं, २००२ मध्ये अलाबामातल्या डोनाल्डसन तुरुंगात. कोठडीतल्या माणसाला शांत बसण्याचा उपयोग होतो, ही गोष्ट आपल्या क्युबिकलवाल्यांना धीर देणारी आहे!

आणि हे आपल्याला नवीनही नाही. कार्ला, भाजे, कान्हेरी इथली लेणी पावसाळ्यात एका जागी थांबणाऱ्या भिक्षूंची. व्यापारी वाटांजवळ ती खोदली गेली आणि कित्येकांचा खर्च येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी उचलला. आजीचा चातुर्मास आठवा. थांबण्याचा हंगामच ठरलेला असे.

व्यवहाराचं. शिबिराला फी नाही. राहणं-जेवण आधीच्या साधकांच्या दानातून चालतं, आणि नवीन माणसाकडून शिबिर पूर्ण होण्याआधी पैसे घेतच नाहीत. बुधवारी संध्याकाळी सुरू होणारं शिबिर त्यापुढच्या दुसऱ्या रविवारी सकाळी संपतं, म्हणजे सात-आठ दिवसांची रजा लागते. गंभीर मानसिक आजार असेल तर हे शिबिर योग्य नाही. अर्जात खरं लिहा आणि डॉक्टरांशी आधी बोला.

सगळ्यात मोठी भीती फोनची असते. फोन जमा करावा लागतो, आणि आपल्यातल्या प्रत्येकाच्या मनात रात्री दोनला भारतातून येणारा तो एक फोन असतो. केंद्राच्या ऑफिसचा नंबर घरी द्या, भावाला किंवा बहिणीलाही द्या. तातडीचं असेल तर निरोप पोचवतात. त्याहून अवघड प्रश्न म्हणजे मागे मुलांना कोण बघणार. एकाने ध्यानाला बसायचं आणि दुसऱ्याने दहा दिवस डबे, शाळा, स्विमिंग एकट्याने ओढायचं, ही काही उपेक्खा नव्हे. आमच्याकडे आम्ही वर्षं वाटून घेतली: एका वर्षी ती, पुढच्या वर्षी मी. पहिला नंबर तिचा होता.