कार्बोरेटर खोलताना

जुनी प्रीमिअर पद्मिनी काळा धूर सोडू लागली, की मिस्त्री सांगतो, "कार्बोरेटर खोलावा लागेल, किट बदलू." कुर्ल्याला बनणाऱ्या या गाडीची मुंबईतील टॅक्सी म्हणून सेवा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, पण हौसेने जपलेल्या पद्मिनी अजून आहेत. हे 'किट बदलणे' म्हणजे नेमके काय?

आधी कार्बोरेटरचे काम पाहू. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. म्हणजे १ लिटर पेट्रोलला जवळजवळ ९००० लिटर हवा! आजच्या गाड्यांत हे प्रमाण संगणक सांभाळतो. कार्बोरेटरमध्ये मोजमाप करतात ती फक्त भोके आणि पेट्रोलची पातळी.

इंजिन हवा ओढून घेते. वाटेत नळी अरुंद होते. या भागाला व्हेंच्युरी म्हणतात. तेथे हवेचा वेग वाढतो आणि दाब घटतो. पेट्रोलच्या नळीचे तोंड नेमके तेथेच असते. शेजारच्या फ्लोट चेंबरमधील पेट्रोलवर मात्र वातावरणाचा दाब असतो. दाबांतील या फरकामुळे पेट्रोल नळीतून वर ढकलले जाते व त्याचा फवारा उडतो. किती पेट्रोल जाईल, हे वाटेतील 'जेट' या पितळी तुकड्याचे भोक ठरवते.

सोलेक्स जेटवर १२० असा आकडा असेल, तर भोकाचा व्यास १.२० मिलिमीटर. गाडी बरेच दिवस उभी राहिली, की पेट्रोल उडून जाते आणि उरलेला चिकट थर भोके बुजवतो. तो तारेने कोरण्याचा मोह होतो. पण कोरून व्यास १.३० झाला, तर क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे १७ टक्क्यांनी वाढते. जादा पेट्रोल अर्धवट जळते. काजळी आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. म्हणून जेट द्रावकात भिजवून हवेच्या झोताने साफ करावा.

किटमध्ये मुख्यतः नीडल व्हॉल्व्ह आणि गॅस्केट असतात. फ्लोट पेट्रोलवर तरंगतो आणि ठरावीक पातळीला नीडल वर दाबून पुरवठा बंद करतो. नीडल झिजली, की पातळी चढते व पेट्रोल वाहू लागते. गॅस्केट फाटले, तर हिशेबाबाहेरची हवा शिरते आणि मिश्रण पातळ होते.

आता आणखी एक अडचण आहे. भारतात २०२५ पर्यंत पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर आले. १ ग्रॅम इथेनॉलला सुमारे ९ ग्रॅमच हवा पुरते. जेटला इंधन बदलल्याचे कळत नाही. त्यामुळे तोच जेट आता किंचित पातळ मिश्रण देतो. जुन्या रबराला इथेनॉल मानवतही नाही. म्हणून किट घेताना त्यातील रबर इथेनॉलला टिकणारे आहे ना, हे विचारावे.

वर्गात हे तत्त्व पाण्याने दाखवता येईल. पेट्रोल मुळीच वापरू नये. पाण्याच्या पेल्यात एक स्ट्रॉ उभी धरा. दुसऱ्या स्ट्रॉने तिच्या वरच्या तोंडावरून आडवी, जोरात फुंकर मारा. तोंडाशी दाब कमी होऊन पाणी चढते व फवारा उडतो. मग पेल्यातील पाणी कमी करत जा. किती पातळीला फवारा थांबतो, हे मुलांना मोजू द्या. फ्लोटची पातळी मिस्त्री इतक्या काळजीने का लावतो, याचे उत्तर त्यांना आपोआप सापडेल.