बँड फुटला, पार्टनर फुटला नाही! डेबी हॅरीच्या करिअरमधून धंद्याचे ४ धडे



पार्टनरशिपवरचा व्हिडिओ टाकला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, दोघांचा धंदा बंद पडला की नातंही संपतं का?" आज किराणा, कापड, हॉटेल सगळं बाजूला ठेवू आणि उत्तर एका गायिकेकडून घेऊ. तिचं नाव डेबी हॅरी, बँड न्यूयॉर्कचा 'ब्लाँडी'. १९७०च्या दशकात पंकच्या पाठोपाठ 'न्यू वेव्ह' संगीत आलं, त्यातलं हे मोठं नाव.

१) वय बघू नका, तयारी बघा

डेबीचा जन्म १९४५चा. न्यू जर्सीतल्या हॉथॉर्नमध्ये दत्तक आईवडिलांकडे ती वाढली. शांग्री-लाजसारख्या मुलींच्या ग्रुपची गाणी तिला फार आवडायची. न्यूयॉर्कला आल्यावर तिने बीबीसीच्या ऑफिसात सेक्रेटरीचं काम केलं, वेट्रेस झाली, प्लेबॉय क्लबात नोकरी केली. १९६८मध्ये एका फोक-रॉक ग्रुपच्या अल्बममध्ये मागे उभी राहून गायली. तो अल्बम काही चालला नाही.

पुढे दुसऱ्या एका ग्रुपमध्ये असताना तिला गिटारवादक क्रिस स्टाइन भेटला. १९७४मध्ये दोघांनी मिळून ब्लाँडी सुरू केला. पहिला अल्बम १९७६ अखेरीस आला, तेव्हा ती ३१ वर्षांची होती. "माझं वय निघून गेलं" म्हणणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवा.

२) जुना माल फेकू नका, नव्याने मांडा

'हार्ट ऑफ ग्लास' हे गाणं त्यांच्याकडे बरीच वर्षं पडून होतं. १९७८च्या 'पॅरलल लाइन्स' अल्बमसाठी निर्माते माइक चॅपमन यांनी ते नव्याने घडवलं, डिस्कोच्या ठेक्यावर. रॉकवाले मित्र नाराज झाले, "तुम्ही विकले गेलात" म्हणाले. पण १९७९मध्ये ते गाणं ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या नंबरवर गेलं. १९८१मध्ये 'रॅप्चर'ही अमेरिकेत पहिलं आलं. रॅप असलेलं आणि तिथे नंबर एकला पोचलेलं ते पहिलंच गाणं.

मात्र एक घोळ झाला. लोक डेबीलाच 'ब्लाँडी' समजू लागले. शेवटी बँडला 'ब्लाँडी हा ग्रुप आहे' असे बिल्ले काढावे लागले! तुमच्या दुकानातही गल्ल्यावर एकच चेहरा दिसतो. मागे राबणाऱ्या पार्टनरचं नाव गिऱ्हाइकाला माहीत आहे का?

३) विक्री म्हणजे शिल्लक नव्हे

१९८२चा अल्बम पडला, दौऱ्याची तिकिटं खपेनात, क्रिस खंगत चालला. त्याला पेम्फिगस हा त्वचेचा गंभीर आजार निघाला. बँड फुटला. त्यात भर म्हणजे कमाईच्या वर्षांतले कर थकलेले होते, राहतं घरही हातातून गेलं.

मित्रांनो, अकाउंटंट कितीही चांगला असला तरी महिन्यातून एकदा स्वतः जीएसटी पोर्टलवर लॉगिन करा आणि रिटर्न भरलंय का ते बघा. "तो बघतो" हे उत्तर नोटीस आल्यावर चालत नाही.

४) धंदा बंद करा, दार बंद करू नका

डेबीने क्रिसची शुश्रूषा केली. एकटीचे अल्बम काढले, सिनेमांत कामं केली, पुढे एका जॅझ ग्रुपबरोबर गायली. 'हेअरस्प्रे' (१९८८) सिनेमातलं तिचं काम लोकांच्या लक्षात राहिलं. दोघांचं प्रेमाचं नातं त्या दशकात संपलं, पण कामाचं नातं त्यांनी तोडलं नाही. एकमेकांबरोबर गाणी लिहिणं चालूच राहिलं.

म्हणूनच १९९०च्या दशकात क्रिसने विषय काढला तेव्हा बँड पुन्हा उभा राहू शकला. ड्रमर क्लेम बर्क आणि कीबोर्डवाला जिमी डेस्ट्री परत आले. डेस्ट्रीने लिहिलेलं 'मारिया' फेब्रुवारी १९९९मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलं, 'हार्ट ऑफ ग्लास'नंतर बरोबर २० वर्षांनी. डेबी तेव्हा ५३ वर्षांची होती.

सगळंच गोड झालं नाही. ज्यांना परत घेतलं नाही अशा दोन जुन्या मेंबरांनी 'ब्लाँडी' नावावरून कोर्ट गाठलं. ते हरले, पण २००६मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या मंचावरही ही कटुता सगळ्यांसमोर आली.

म्हणजे प्रेम आणि विश्वास पाहिजेच, पण कागदही पाहिजे. बाहेर पडणाऱ्याला काय मिळणार, दुकानाचं नाव कोणाकडे राहणार, देणी कोण फेडणार, हे पार्टनरशिप डीडमध्ये पहिल्याच दिवशी लिहा. दोघं हसत असताना हे लिहायला अर्धा तास लागतो. भांडण झाल्यावर वकील लागतो.

आता गृहपाठ. आज रात्री शटर ओढल्यावर पार्टनरबरोबर चहा घ्या आणि एकच प्रश्न विचारा, "उद्या आपण वेगळे झालो तर पाटीवरचं नाव कोणाचं?" उत्तर दोघांचं एकच आलं तर उत्तम. वेगळं आलं तर डीड काढा आणि लिहायला बसा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, हिशोबाने करा!