अर्जुनसालीचा काढा आणि केमोतलं हृदय

तळेगावच्या पुढे नवलाख उंबरे, बधलवाडी, जाधववाडी हा पट्टा आता एमआयडीसीच्या शेडनी भरत चालला आहे. तरीही दारात सदाफुली, कुंपणावर गुळवेल आणि मावळातल्या ओढ्यानद्यांच्या काठी पांढुरक्या, गुळगुळीत सालीचा अर्जुन अजून आहेच. घरात कुणाला स्तनाचा कर्करोग किंवा लिम्फोमा निघतो, केमो सुरू होते, आणि डॉक्टर सांगतात की या औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, मधून मधून टूडी इको करावा लागेल. त्याच आठवड्यात कुणीतरी मायेने अर्जुनसालीचा काढा सुचवतं. हा सल्ला हसण्यावारी नेण्यासारखा नाही. केमोपासून हृदय वाचवणारं औषध वनस्पतीतून मिळू शकतं, असं मानायला जागा आहे. पण केमो चालू असताना हा काढा आज तरी घेऊ नये, असं मला पुराव्यांकडे पाहून ठामपणे वाटतं.

ज्या औषधामुळे ही काळजी करावी लागते ते मुख्यतः डॉक्सोरुबिसिन. सलाईनमधून जाणारं हे लाल औषध. ते घेतल्यावर एखाद-दुसरा दिवस लघवीही तांबडी होते. मातीतल्या एका जिवाणूपासून ते इटलीत सापडलं आणि एड्रियाटिक समुद्रावरून त्याचं एड्रियामायसिन हे नाव पडलं. आयुष्यभरात ते एकूण किती शरीरात गेलं यावर हृदयाचा धोका ठरतो. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे एकूण मात्रा 400 मिलिग्रॅम झाली तेव्हा सुमारे 5 टक्के रुग्णांचं हृदय निकामी होऊ लागलं, 550 ला 26 टक्के आणि 700 ला 48 टक्के. स्तनाच्या कर्करोगात नेहमीच्या चार फेऱ्यांची बेरीज 240 होते. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत डॉक्टर या कड्यापासून बरेच अलीकडे थांबतात. वय जास्त असेल, रक्तदाब असेल, छातीला रेडिएशन दिलेलं असेल किंवा सोबत ट्रास्टुझुमॅब हे कर्करोगावरचं दुसरं औषध चालू असेल, तर मात्र कमी मात्रेतही जपावं लागतं.

वनस्पतींकडे लक्ष गेलं ते एका साध्या तर्कामुळे. हे औषध हृदयाच्या पेशींत लोहाच्या संगतीने ऑक्सिजनचे उपद्रवी कण तयार करतं. हळद, द्राक्षाची साल, अर्जुनसाल यांत ते कण शमवणारे अँटिऑक्सिडंट असतात. तेव्हा हे द्या, हृदय वाचेल. उंदरांवर हा तर्क पुन्हा पुन्हा खरा ठरला. माणसांवर तो याआधीच एकदा तपासून झाला आहे. 1977 साली ई जीवनसत्त्वाने उंदरांची हृदयं वाचवली. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तेच रुग्णांना दिलं, तर काहीही संरक्षण मिळालं नाही. असं का व्हावं, याचा एक मोठा धागा 2012 मध्ये हाती आला. पेशीतला डीएनएचा पीळ सोडवणारं टोपोआयसोमरेज नावाचं विकर असतं. त्याचा हृदयात असलेला प्रकार या औषधाच्या तावडीत सापडतो आणि नुकसानीला तिथून सुरुवात होते. उपद्रवी कण ही गोष्टीची एकच बाजू होती. शिवाय या प्रयोगांतल्या बहुतेक उंदरांना कर्करोग झालेलाच नसतो. काढ्याने हृदयासोबत गाठीलाही संरक्षण दिलं का, हा रुग्णाच्या दृष्टीने जिवाचा प्रश्न तिथे विचारलाच जात नाही.

यावर कुणी म्हणेल, अर्जुन तर हृद्रोगावर शेकडो वर्षं चालत आला आहे. खरं आहे, आणि त्या परंपरेचा मान राखूनच सांगायला हवं की अर्जुनसाल दुधात उकळून देणाऱ्या कुठल्याही जुन्या वैद्यासमोर डॉक्सोरुबिसिन घेतलेला रोगी कधी आला नव्हता. हे औषध अवघ्या पन्नास-साठ वर्षांचं आहे. दुसऱ्या कारणांनी दमलेल्या हृदयावरही अर्जुनाची कसोटी लागली आहे. दिल्लीच्या एम्समध्ये हृदयविकाराच्या 100 रुग्णांवर झालेली चाचणी 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. सालीचा अर्क 12 आठवडे दिला गेला, पण हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता, म्हणजे इकोच्या कागदावरचा 'ईएफ', सुधारली नाही.

‘घेऊन बघायला काय हरकत आहे, झाडपाल्याने कुणाचं वाईट झालंय?’ हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि सगळ्यात धोक्याचा तोच आहे. कोविडच्या काळात, 2020 च्या उत्तरार्धात, मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली, त्यामुळे वाद आहे हे मान्य. पण डॉक्सोरुबिसिन शरीरातून बाहेर टाकण्याचं मुख्य काम यकृताचंच. यकृत बिघडून रक्तातलं बिलिरुबिन वाढलं की डॉक्टरांना मात्रा कमी करावी लागते, कधी फेरीच पुढे ढकलावी लागते. हृदय जपायला घेतलेल्या काढ्याने कर्करोगाचा उपचारच अडला, तर ते नुकसान कसं भरून निघणार? आमटी-भाजीतल्या चिमूटभर हळदीबद्दल हे बोलणं नाही. धोका आहे तो मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या तीव्र कॅप्सूलचा आणि रोज पेलाभर घेतलेल्या काढ्याचा.

वनस्पतींना पेटंटचा पैसा नाही म्हणून त्यांच्या चाचण्या होत नाहीत, या तक्रारीत तथ्य आहे. पण ते अर्धंच. टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी द्राक्षात सापडणारं रेस्व्हेराट्रॉल आणि अत्यल्प तांबं यांची जोडी माणसांवर तपासायला घेतली आहे. केमोमुळे तोंडात येणारे भयंकर फोड कमी होतात का, हे त्यांनी थोड्या रुग्णांत पाहिलं आणि सुरुवातीचे निकाल आशादायक आले. गंमत अशी की या जोडीत रेस्व्हेराट्रॉल ऑक्सिजनचे तेच उपद्रवी कण शमवण्याऐवजी तयार करतं. मेलेल्या पेशींतून बाहेर सांडलेला डीएनए त्या कणांकरवी नष्ट करावा, अशी कल्पना आहे. पदार्थ तोच, पण मात्रा आणि सोबती बदलला की काम उलटं. ‘अँटिऑक्सिडंट’ एवढ्या एका शब्दावर विकल्या जाणाऱ्या डब्यांबद्दल मला म्हणूनच राग येतो. दारातल्या सदाफुलीचंही तसंच आहे. तिच्यातलं व्हिन्क्रिस्टीन लहान मुलांचा रक्ताचा कर्करोग बरा करायला मदत करतं, पण शुद्ध करून, एका वेळी जास्तीत जास्त 2 मिलिग्रॅमच्या आसपास, थेट शिरेतून. पानं चावून ते साधत नाही.

दरम्यान हृदय वाचवायचे सिद्ध मार्ग हाताशी आहेत. जास्त मात्रा लागणाऱ्यांसाठी डेक्सराझोक्सेन हे इंजेक्शन आहे; अमेरिकेत त्याला 1995 मध्ये मान्यता मिळाली. कोलेस्टेरॉलसाठी सर्रास दिली जाणारी अॅटोरव्हास्टॅटिनची गोळी लिम्फोमाच्या 300 रुग्णांवर तपासली गेली. 2023 मध्ये आलेल्या त्या निकालात ‘ईएफ’ मोठ्या प्रमाणात घसरणाऱ्यांचं प्रमाण 22 टक्क्यांवरून 9 वर आलं. स्तनाच्या कर्करोगातल्या दुसऱ्या एका चाचणीत मात्र तसा फायदा दिसला नाही, म्हणून ती गोळीही डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. आणि काढा सुरू केलाच असेल, तर त्याची पुडी ओपीडीत घेऊन जावी, लपवू नये. रुग्णाला ते मोकळेपणाने सांगता येईल असं डॉक्टरांनीही वागलं पाहिजे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळेवर इको. मिलानमध्ये डॉक्सोरुबिसिनच्या गटातली औषधं घेतलेल्या 2,625 रुग्णांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यांतल्या 9 टक्क्यांच्या हृदयाला इजा झाली आणि ती जवळपास सगळी केमो संपल्यानंतरच्या पहिल्या वर्षभरातच इकोमध्ये दिसली. लगेच नेहमीची हृदयाची औषधं सुरू केल्यावर त्यांतले 82 टक्के पूर्ण किंवा काही अंशी सावरले. नवलाख उंबऱ्याहून तळेगावला किंवा पिंपरीला इकोसाठी जायला अर्धा दिवस मोडतो. उपचार संपून बरं वाटू लागलं की टाळली जाते ती हीच खेप, आणि त्या पहिल्या वर्षात ती टाळता कामा नये.