विमानातून उतरलात, पुढे बसने कसे जाल?

नंदुरबार जिल्ह्यात प्रवासी विमान उतरत नाही. तरी विमानाने येणारा-जाणारा माणूस आता गावोगाव आहे. कुणाचा मुलगा फौजेतून रजेवर येतो, कुणी हज करून येतो, कुणाची मुलगी दूरच्या राज्यात नर्सची नोकरी करते. तिकीट पोरं मोबाईलवर काढून देतात. अडचण येते ती उतरल्यावर. खांद्यावर बॅग, समोर काचेचा दरवाजा आणि दरवाज्याबाहेर ‘काका, कुठं जायचं?’ म्हणत पुढे येणारे चार जण. काही वेळा ते मागतात तेवढ्या पैशांत मुंबईहून नंदुरबारपर्यंत एसटीने येऊन होते.

प्रस्तुत लेखकही एकदा असाच फसला. स्टेशनपर्यंत टॅक्सीला किती दिले, ते घरी खरे सांगता आले नाही. फाटकासमोरून बस जात होती, हे नंतर कळले.

म्हणून पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. दरवाज्याबाहेर एकदा पाऊल टाकले की पुन्हा आत सोडत नाहीत. पाणी, संडास, मोबाईलचे चार्जिंग, चौकशी, सगळे आतच उरका. विमान मध्यरात्री उतरले असेल तर घाईने बाहेर पडू नका. सामान घेतो तिथल्या खुर्चीवर पहाटेपर्यंत बसा, बस सुरू झाली की निघा. बाहेर आल्यावर ‘टॅक्सी कुठे?’ असे विचारू नका. ‘स्टेशनची बस कुठं थांबते?’ असे विचारा, आणि तेही गणवेशातल्या शिपायाला किंवा झाडूवाल्या बाईला. ती मंडळी स्वतः बसनेच येतात.

मुंबईत दोन टर्मिनल आहेत. टर्मिनल १ ला विलेपार्ले स्टेशन जवळ, टर्मिनल २ ला अंधेरी. दोन्हीकडून बेस्टची बस मिळते. ९ मे २०२५ पासून बेस्टचे किमान भाडे साध्या बसला १० रुपये आणि एसी बसला १२ रुपये झाले आहे. त्याआधी ते ५ आणि ६ होते. वाढले खरे, पण टॅक्सीपुढे काहीच नाही.

इथे आपली माणसे एक चूक हमखास करतात. विमानतळावरून आधी मुंबई सेंट्रल गाठतात आणि तिथून परत उलटे येतात. रेल्वेने घरी यायचे असेल तर खाली जायचे कारणच नाही. अंधेरीहून लोकलने बोरिवलीला या. सुरतकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या तिथे थांबतात. पुढे सुरतहून आपला ताप्ती मार्ग आहेच. मंत्रालयात काम असेल तर गोष्ट वेगळी. त्यासाठी दोन्ही टर्मिनलवरून भुयारी मेट्रो आहे, ती ऑक्टोबर २०२५ पासून थेट कफ परेडपर्यंत जाते. नवी मुंबईच्या विमानतळाचेही त्याच महिन्यात उद्घाटन झाले. तो पनवेलकडे आहे. तेव्हा तिकिटावर कोणती मुंबई लिहिली आहे, ते घरून निघतानाच वाचून घ्या.

पुण्याला लोहगावला उतरलात तर पीएमपीची बस मिळेल, पण ‘शिवाजीनगर स्टँड’ एवढेच सांगून चालणार नाही. मेट्रोच्या कामामुळे तिथले एसटी स्टँड २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवले. खान्देशच्या गाड्यांसाठी वाकडेवाडीच सांगा.

आपल्याला खरे सोयीचे विमानतळ दोन, सुरत आणि जळगाव. दोन्ही ताप्ती मार्गाच्या दोन टोकांना आहेत आणि नंदुरबार साधारण मधोमध. जळगावचा विमानतळ कुसुंब्याला, अजिंठा रस्त्यावर आहे. सामान हलके असेल तर रस्त्यावर येऊन जळगावकडे जाणारी एसटी किंवा रिक्षा धरा. विमाने मोजकीच आहेत, एवढीच अडचण. सुरतचा विमानतळ डुमस रस्त्यावर आहे. त्याचे नवे टर्मिनल डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाले. सुरत महापालिकेच्या बसवरची पाटी गुजरातीत असते, पण नवापूर-नंदुरबारच्या माणसाला तिचे काय भ्यायचे! डोक्यावर रेघ नाही इतकेच, अक्षरे ओळखीचीच. मात्र आपली गाडी सुरत स्टेशनहून सुटते की उधन्याहून, हे आधी बघा. नाहीतर बस बरोबर आणि स्टेशन चुकीचे, असे व्हायचे.

आता सवलतीचे. यावरून कंडक्टरशी वाद होतात आणि म्हाताऱ्या माणसांना सगळ्यांदेखत ओशाळे व्हावे लागते. एसटीत ७५ वर्षांवरील नागरिकांना २६ ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे, महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट आहे. पण ही सवलत एसटीची. बेस्ट आणि पीएमपी म्हणजे एसटी नव्हे. तिथे ‘आमच्याकडं फुकट आहे’ म्हणून भांडण्यात अर्थ नाही. ग्रामसेवकांनी एवढी एक ओळ ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिली, तरी कितीतरी आजी-आजोबांचा अपमान टळेल.

एसटीची सवलतसुद्धा महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच आहे. सुरतहून नंदुरबारची एसटी धरलीत, तर नवापूरच्या हद्दीपर्यंतचे भाडे आजीलाही पूर्ण पडेल. तेवढे सुटे पैसे बॅगेत नको, वरच्या खिशात ठेवा.