गाडीला अजून अवकाश आहे

लांबच्या गावी जायचे म्हणजे एकाच गाडीने काम भागते असे नाही. मुंबईला एक गाडी सोडायची आणि दुसरी धरायची. मधे पाच-सात तास मोकळे राहतात. पुष्कळ मंडळी हा सगळा वेळ बोचक्याला टेकून फलाटावर काढतात. काही हौशी माणसे शहर बघायला जातात, आणि गाडी चुकवून बसतात. दोन्ही टाळता येते. ते कसे, हे आज आपण पाहू.

आधी तिकीट वाचा

आमच्या माहितीतले एक शेतकरी जोडपे लेकीच्या बाळंतपणाला निघाले होते. तिकिटावर तारीख होती १२, आणि वेळ होती ००:१०. दोघे १२ तारखेला सकाळी मुंबईत उतरले. "गाडी रात्रीची आहे. चला, समुद्र बघू," असे म्हणून दिवसभर हिंडले. रात्री फलाटावर आले, तर गाडी कुठे आहे? ती आदल्याच रात्री निघून गेली होती! लेकीकडे पोचायला त्यांना दोन दिवस उशीर झाला. तोवर नातू जन्माला आला होता. लेक म्हणाली, "आई, तू वेळेला हवी होतीस गं." ते बोल त्या माउलीच्या मनात अजून आहेत.

चूक कुठे झाली? आकडे त्यांना वाचता येत होते. अर्थ कळला नव्हता. रेल्वेचे घड्याळ चोवीस तासांचे असते. दुपारी १ वाजला की ते १३ म्हणते. १३ किंवा त्याहून मोठा आकडा दिसला, की त्यातून १२ वजा करावे. १६:३० म्हणजे दुपारचे साडेचार. रात्री बारा वाजले की ते शून्यावर येते, आणि तारीख बदलते. म्हणून १२ तारखेची ००:१० ची गाडी धरायची, तर ११ तारखेच्या रात्रीच स्टेशनात हजर राहावे लागते.

स्टेशनाचे नावही नीट वाचा. मुंबईत मोठी स्टेशने बरीच आहेत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, दादर, मुंबई सेंट्रल, वांद्रे टर्मिनस, कुर्ल्याजवळचे लोकमान्य टिळक टर्मिनस. एकात उतरलो म्हणून पुढची गाडी तिथूनच सुटेल, असे धरून चालू नका. स्टेशन दुसरे असेल, तर आधी तिकडे जा. फिरणे नंतर.

वेळेचा हिशेब

समजा, सकाळी ९ वाजता उतरलो आणि पुढची गाडी १६:३० ला आहे. मधे साडेसात तास आहेत. तोंड धुणे, जेवण, सामान ठेवणे यात दीड तास जाईल. गाडीच्या आधी एक तास परत यायचे. रस्त्यातल्या खोळंब्यासाठी आणखी एक तास हाताशी ठेवायचा. उरले चार तास. तेवढेच आपले. तीन तासांहून कमी उरत असतील, तर स्टेशनाच्या आसपासच फिरावे.

ओझे उतरवा

डोक्यावर गाठोडे घेऊन शहर बघता येत नाही. मोठ्या स्टेशनात सामान ठेवायची सोय असते. पाटीवर 'क्लोकरूम' किंवा 'अमानती सामान घर' असे लिहिलेले असते. सामानाला कुलूप असावे लागते. तिकीट दाखवून, पैसे भरून पावती घ्यावी. पावती जपून ठेवावी, कारण तिच्याशिवाय सामान मिळवताना खटपट पडते. पैसे, तिकीट, दागिने आणि औषध मात्र अंगाशीच ठेवावे. ओळखपाळख नसलेल्या माणसाला "जरा सामान बघा हं" असे सांगून जाऊ नये.

पायी काय पाहाल?

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ही इमारतच आधी पाहा. पूर्वी तिला 'व्हिक्टोरिया टर्मिनस' म्हणत. काम १८७८ साली सुरू झाले आणि दहा वर्षे चालले. भिंतींवर दगडात कोरलेले पशुपक्षी आणि पानेफुले आहेत. त्यातले पुष्कळ काम मुंबईच्याच कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी केले. इथूनच जवळ, बोरीबंदरहून, १६ एप्रिल १८५३ रोजी आपल्या देशातली पहिली प्रवासी आगगाडी ठाण्याला गेली. शेजारी मोठे पोस्ट ऑफिस आहे. त्याचा घुमट विजापूरच्या गोलघुमटासारखा बांधला आहे.

तिथून दादाभाई नौरोजी रस्त्याने सरळ चालावे. पाव तासात हुतात्मा चौक येतो. मराठी माणसांचे एक राज्य व्हावे म्हणून झालेल्या लढ्यात शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच भागात मोर्चावर गोळीबार झाला. पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. चौकातल्या स्मारकात एक शेतकरी आणि एक कामगार हातात मशाल धरून उभे आहेत. तो शेतकरी आपल्यातलाच आहे. तिथे क्षणभर थांबावे.

पुढे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. ते १९२२ साली लोकांना खुले झाले. आत जायला तिकीट पडते, पण जुन्या मूर्ती, चित्रे, शस्त्रे पाहायला मिळतात. उन्हापावसात तर ही जागा फार चांगली.

तिथून समुद्र जवळच. काठावर 'गेटवे ऑफ इंडिया' ही दगडी कमान आहे. १९११ साली इंग्रजांचा राजा इथे उतरला, त्याची आठवण म्हणून ती बांधली. काम १९२४ साली पुरे झाले. पण गंमत पाहा! २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांच्या सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून बाहेर पडली आणि बोटीने मायदेशी गेली. येण्याची आठवण म्हणून बांधलेली कमान जाण्याचा दरवाजा ठरली.

घारापुरीच्या लेण्यांना जायच्या बोटी इथूनच सुटतात. पण जायला तास, यायला तास. चार तासांत हा मोह धरू नये.

सावध असावे

रस्ता भुयारी मार्गाने किंवा पट्ट्यांवरूनच ओलांडावा. अनोळखी माणसाने दिलेला चहा, बिस्किटे घेऊ नयेत. "स्वस्तात नेतो" म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नये, टॅक्सी मीटरवर करावी. बरोबर मुले असतील, तर गाडीचे नाव आणि घरच्या माणसाचा फोन नंबर चिठ्ठीवर लिहून त्यांच्या खिशात ठेवावा. चुकामूक झाली तर कुठे भेटायचे, हे आधीच ठरवावे. रेल्वेची अडचण असेल, तर १३९ या नंबरवर फोन करावा.

मंडळी, लिहायला-वाचायला शिकलो ते पोथी वाचण्यासाठी, तसे पाटी वाचण्यासाठीही. तिकीट समजले की शहराची भीती अर्धी कमी होते. उरलेली अर्धी विचारल्याने जाते. विचारायला लाजू नका.

करून पाहा

१. १९:४५ म्हणजे किती वाजले?
२. ५ तारखेची ००:३० ची गाडी आहे. स्टेशनात कोणत्या रात्री जाल?
३. सकाळी १० वाजता उतरलात. पुढची गाडी १५:०० ला आहे. फिरायला किती वेळ उरेल? वहीत हिशेब मांडा.