मांडवातला साक्षीदार

दक्षिण तैवानच्या खेड्यात लग्न निघालं की घरासमोरचा रस्ताच मांडव होतो. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, वर पट्ट्यापट्ट्यांची ताडपत्री, खाली दहा-दहा जणांची गोल टेबलं आणि लाल प्लास्टिकची स्टुलं. मागे उघड्यावर गॅसच्या भट्ट्या घोंघावत असतात. या रस्त्यावरच्या जेवणावळीला तिथे ‘बान-दो’ म्हणतात.

अशा पंगतीत परदेशी माणूस बसला की यजमान त्याचं फार कौतुक करतात. तरी तो तिथे निव्वळ बघ्या नसतो. तैवानच्या दिवाणी कायद्यानुसार २३ मे २००८पूर्वी लग्न कायदेशीर ठरायला दोनच गोष्टी लागत: उघड समारंभ आणि किमान दोन साक्षीदार. म्हणजे चारचौघांसमोरचं हे जेवण हाच लग्नाचा पुरावा होता. आता सरकारी कचेरीत नोंदणी केल्याशिवाय लग्न ग्राह्य धरत नाहीत, पण लोकांच्या मनातून पंगतीचं वजन उतरलेलं नाही. मला या सगळ्या सोहळ्याचं मर्म इथेच दिसतं.

साक्षीदाराची नोंदही रीतसर होते. दाराशी लाल कापड घातलेल्या टेबलावर नातलग वही घेऊन बसतात. आपण लाल पाकीट द्यायचं. ते तिथेच उघडतात, नोटा मोजतात आणि नावापुढे रक्कम लिहितात. आपल्याला जरा अवघडल्यासारखं होतं, पण तिथे यात कुणालाच संकोच नाही. उद्या आपल्या घरी कार्य निघालं की हीच आहेराची वही उघडून तोलामोलाची परतफेड होते. रक्कम समच हवी, १,६००, २,२००, ३,६०० तैवानी डॉलर अशी. विषम आकडा आणि पांढरं पाकीट अंत्यविधीसाठी. चारचा आकडाही टाळतात.

पत्रिकेवर सहाची वेळ असली, तरी पहिलं ताट यायला साडेसात वाजले तर नवल नाही. मग मात्र दहा-बारा पदार्थांची रांग लागते. आधी थंड ताट, त्यात खारवून वाळवलेल्या बोई माशाच्या गाभोळीचे पातळ काप, कडेला कच्ची पात. पुढे चिकट भाताच्या मुदीवर मांडलेला लालभडक खेकडा. त्याच्या लाखेचा रस भातात पार मुरलेला असतो. अख्खी कोंबडी घातलेलं सूप, वाफवलेला मासा, मऊ शिजवलेलं डुकराचं मांस, शेवटी फळं. शेजारच्या आजी न विचारता आपल्या वाडग्यात वाढत राहतात आणि हळूच पिशवी काढून उरलेलं बांधूनही घेतात. यात कमीपणा नाही. अन्न वाया जाऊ नये म्हणून यजमानच पिशव्या ठेवतात.

या स्वयंपाकाचा सूत्रधार म्हणजे ‘त्सोंग-फो-साय’, मुख्य आचारी. काऊशुंगजवळचं नेइमेन हे डोंगराळ, बेताच्या शेतीचं गाव अशा आचाऱ्यांसाठी नावाजलेलं आहे. पूर्वी आचारी आपल्या सुऱ्या घेऊन येई आणि टेबलं, स्टुलं, वाडगे शेजारपाजारचे देत. आता सगळं सामान ट्रकमधून येतं, आणि शहरात तर हॉटेलातले हॉलच घेतले जातात. चेन यू-श्युन यांचा २०१३चा ‘झोन प्रो साइट’ हा चित्रपट याच आचाऱ्यांवर आहे. ही विद्या मागे पडू नये असं मला मनापासून वाटतं, कारण हॉटेलच्या हॉलमध्ये शेजाऱ्यांना करायला काही उरत नाही.

मुख्य टेबलावरचा मानही पाहण्यासारखा. सर्वांत मोठी जागा आईच्या भावाची. तो बसल्याशिवाय जेवण सुरू होत नाही, असा जुना दंडक. आपल्याकडे अंतरपाटाशी मामाला जो मान, तोच तिथे ताटाशी. नवरा-नवरी आईवडिलांसह प्रत्येक टेबलापाशी पेला उंचावायला येतात, नवरी मधेच पोशाख बदलून. त्या वेळी सगळ्यांनी उठून उभं राहायचं. दारू नको असेल तर पेल्यात चहा किंवा रस चालतो.

फळं आली की पंगत संपली, मंडळी भराभर उठतात. दारात जोडपं गोळ्यांचं तबक घेऊन उभं असतं. तिथे फोटो काढून घ्यायचा आणि निघायचं.

तैवानमध्ये शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या मराठी मुलामुलींना एवढंच सांगणं आहे. शाकाहारी असाल तर आमंत्रणाला होकार देतानाच कळवा; तिथे बौद्ध शाकाहाराची मोठी परंपरा आहे, कांदा-लसूण नसलेलं वेगळं ताट मिळतं. पाकिटावर पूर्ण नाव लिहा. आणि पाकीट दुसऱ्याच्या हाती धाडून मोकळे होऊ नका. स्वतः जा, शेवटच्या ताटापर्यंत बसा.